रविवारी रात्री सूर्यग्रहण आहे, तरी सर्वपित्रीचं पान नेहमीच्या वेळी वाढा

नमस्कार मंडळी. ठाण्यातून, नौपाड्यातल्या आमच्या घरातून बोलतोय. उद्या रविवार, २१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावस्या. आणि उद्याच सूर्यग्रहण. सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून नुसते मेसेज येतायत. वेध कधी लागणार, श्राद्धाचा स्वयंपाक किती वाजेपर्यंत उरकायचा, गरोदर बाईनं कुठल्या खोलीत बसायचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सातवा महिना चालू आहे. त्यांना घरच्यांनी सांगून ठेवलंय की रविवारी संध्याकाळनंतर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. ते ऐकलं आणि मला राहवेना, म्हणून हा व्हिडिओ आजच्या आज करतोय.

आधी उत्तर देतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवंय. हे ग्रहण भारतात कुठूनही दिसणार नाही. आपल्या घड्याळात ते रविवारी रात्री ११ च्या सुमाराला लागतं, साधारण १:१२ ला सगळ्यात जास्त असतं आणि पहाटे ३:२३ च्या सुमाराला सुटतं. म्हणजे ठाण्यात मध्यरात्र उलटलेली असेल आणि सूर्य जवळजवळ आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. आणि जे ग्रहण आपल्या गावातून दिसत नाही, त्याचे वेध, स्नान, दान काहीही पाळायचं नसतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, पंचांग मानणाऱ्यांचाच हा नियम आहे. तेव्हा पितरांचं पान नेहमीच्या वेळी वाढा. कावळ्याला घास ठेवा. वहिनींना पोटभर जेवू द्या.

आणि एक सांगतो. हे ग्रहण ठाण्यात दिसणारं असतं, तरी त्यांचं पाणी बंद करा असं मी म्हटलं नसतं. सावलीनं पोटातल्या बाळाला काहीही होत नाही. आईला दिवसभर तहानलेलं ठेवलं तर मात्र त्रास नक्की होतो.

आता मला ज्याच्याबद्दल खरं बोलायचंय ते. हे ग्रहण न्यूझीलंड, अंटार्क्टिका आणि त्यांच्यामधल्या समुद्रातून दिसेल, पण तिथेही खंडग्रासच. जगात एकाही ठिकाणी सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही. असं का?

(सोललेला नारळ आणि लिंबू टेबलावर ठेवून)

हा नारळ म्हणजे पृथ्वी. एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर असं धरू. मग नारळाचा व्यास पावणेतेरा सेंटिमीटर हवा. मोठाच नारळ लागतो, मार्केटमधून शोधून आणलाय. या मापात चंद्र साडेतीन सेंटिमीटरचा, म्हणजे हे छोटं लिंबू. आणि अंतर? पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला चिकटल्यासारखा दाखवतात, तसं नसतं. लिंबू चार मीटरवर धरावं लागतं. आमच्या हॉलच्या या भिंतीपासून थेट त्या दारापर्यंत. सूर्य या मापात चार-पाच मजली इमारतीएवढा होतो आणि तो दीड किलोमीटर लांब ठेवावा लागतो, तलावपाळीच्याही पलीकडे.

आता लिंबाची सावली नारळावर पाडायची. चार मीटरवरून. नेम जरासा चुकला की सावली नारळाच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. म्हणूनच दर अमावस्येला ग्रहण होत नाही. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला पाच अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा एकमेकींना दोन ठिकाणी छेदतात, तेच राहू आणि केतू. राक्षसाचं डोकं आणि धड ही झाली कथा, ज्योतिर्गणितात ते आकाशातले दोन बिंदू आहेत. ७ तारखेला पौर्णिमा राहूजवळ झाली आणि खग्रास चंद्रग्रहण झालं. आता सूर्य दुसऱ्या टोकाला, केतूजवळ आलाय. पण अगदी केतूवर नाही, साधारण अकरा अंश पुढे. केतूपाशी चंद्र सूर्याच्या वाटेच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो, त्यामुळे सूर्याला गाठेपर्यंत तो जवळजवळ एक अंश दक्षिणेला सरकलेला असणार.

एक अंश म्हणजे किती, ते इथे बघा. (पट्टी लावून) चार मीटरवर एक अंश म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. सावलीचा मध्य नारळाच्या केंद्रापासून ६.८ सेंटिमीटर खालून जाणार. आणि नारळाची त्रिज्या ६.४. कॅमेरा जरा जवळ घे. हे अंतर दिसतंय? चार मिलिमीटर. खऱ्या मापात चारशे किलोमीटरहून थोडं जास्त. एवढ्याशा फरकानं चंद्राच्या सावलीचा मध्य पृथ्वीला न शिवता दक्षिणेकडून अवकाशात निघून जाणार आहे. मला हा आकडा फार आवडतो. चंद्र जवळपास चार लाख किलोमीटरवर, आणि नेम चुकतो तो चारशेनं!

पण सावलीच्या मध्याभोवती उपच्छाया असते, जिथून सूर्याचा थोडाच भाग झाकलेला दिसतो. ती मध्यापासून साडेतीन सेंटिमीटर पसरलेली आहे. तिच्यात नारळाचा हा खालचा भाग येतो. म्हणून ग्रहण फक्त दक्षिण टोकाला, आणि म्हणून फक्त खंडग्रास.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा सोमवारची सकाळ असेल. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास. डुनेडिनसारख्या दक्षिणेकडच्या शहरात सूर्य क्षितिजावर येईल तोच खंडलेला, आणि सातच्या सुमाराला बिंबाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग झाकलेला असेल. तुमचं कुणी तिकडे असेल तर आज रात्रीच फोन करा आणि सांगा: सूर्य खाली असला, लालसर दिसला, तरी नुसत्या डोळ्यांनी बघायचा नाही. गॉगल, एक्स-रे फिल्म, काळी काच, काहीही चालत नाही. ग्रहणाचा प्रमाणित चष्माच हवा. तो नसेल तर घरातला झारा घ्यायचा. सूर्याकडे पाठ करायची आणि झाऱ्याची सावली भिंतीवर पाडायची. प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य उमटतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आमच्या गच्चीवर आम्ही हेच केलं होतं. शेजारची पोरं त्या कोरी बोटानं मोजत बसली होती आणि ग्रहणात बाहेर काय करता म्हणून ओरडायला वर आलेल्या आजीही मग तिथेच थांबल्या.

आपल्याकडे दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, दुपारनंतर. इजिप्तमध्ये लक्सरजवळ तेव्हा सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल, ठाण्यात खंडग्रास दिसेल. ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे ढगांचा भरवसा नाही, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी कच्छच्या बाजूला जायचा बेत आत्तापासून करा. तिकडे पाऊस कमी असतो, सूर्य मात्र आपल्यापेक्षा थोडा कमी झाकलेला दिसेल. चष्मे कुठून घ्यायचे त्यावर वेगळा व्हिडिओ करीन. तोवर हा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या सासूबाईंना आधी दाखवा.