बुडालेल्या फांदीवरचे काळे ठिपके

(दृश्य: नाशिकच्या सोमेश्वरजवळचं गोदापात्र, सकाळ)

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरण मागे टाकून सोमेश्वरला येते, तेव्हा काळ्या कातळावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज लांबूनच कानावर येतो. लोक येतात ते धबधबा बघायला. आपण मात्र काठाला, गुडघाभर पाण्यात अडकलेली ही फांदी बघू. उंबराची असावी. साल केव्हाच गळून गेली आहे. बोटानं दाबलं तर वरचा थर भिजल्या पुठ्ठ्यासारखा दबतो, पण जरा खोल गेलं की नखाला टणक लाकूड लागतं.

हे काम बुरशीचं. तिचे तंतू लाकडाच्या पेशींच्या भिंतीत शिरतात आणि आतलं सेल्युलोज खात दोन्ही टोकांना निमुळत्या पोकळ्या कोरत जातात. मऊ झालेला हा थर मग पाणकिड्यांच्या अळ्या कुरतडतात. म्हणून नदीतला कचरा उपसताना प्लॅस्टिक जरूर काढा, बुडालेलं लाकूड मात्र राहू द्या.

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल)

फांदीचा वीतभर तुकडा ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डब्यात ठेवला. काही आठवड्यांनी त्यावर काळे ठिपके उमटले, खसखशीहून बारीक. एकेक ठिपका म्हणजे बुरशीची एक बारीकशी कुपी. ब्लेडच्या टोकानं एक उचलायची, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, वर कव्हरस्लिप, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं अलगद दाब.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून)

कुपी फुटली. बाहेर आल्या पातळ, पारदर्शक पिशव्या. यांना धानी म्हणतात. प्रत्येकीत आठ बीजाणू, म्हणजे बुरशीच्या जणू बियाच: बिनरंगी, जाड भिंतीचे, मधोमध एक पडदा, आत तेलाचे चकाकते थेंब. आता या बीजाणूची टोकं बघा. दोन्हीकडे आकडीसारखं काहीतरी चिकटलंय.

इथून नजर हलवू नका.

पाणी लागलं आणि आकडी सुटू लागली. दोऱ्याची गुंडी उलगडावी तसा धागा निघतोय, निघतोच आहे, बीजाणूच्या कितीतरी पट लांब. धागा चिकट असतो. वाहत्या पाण्यात एखाद्या काडीला तो अडकला, की बीजाणूला घर मिळालं. ही खूण ॲनिप्टोडेरा या बुरशीची. १९७७ साली अमेरिकेत कॅरल शिअरर आणि मिलर यांनी तिचं पहिलं वर्णन केलं, आणि त्या जातीला चेसापीक उपसागराचं नाव दिलं.

सगळ्यांची युक्ती एकच नाही. हेलिकून नावाच्या बुरशीचा बीजाणू दोऱ्याच्या रिळासारखा वेटोळे घालून बसतो. वेटोळ्यांच्या पोकळीत हवा कोंडते आणि तो पाण्यावर तरंगत पुढे जातो. एकाची धडपड धरून ठेवण्याची, दुसऱ्याची सुटून जाण्याची, आणि दोघांचं अन्न तेच कुजतं लाकूड. मला तर हे बघताना दरवेळी श्वास रोखावासा वाटतो.

(दृश्य: पुन्हा काठ, संध्याकाळ)

उरलेली फांदी आम्ही जिथून उचलली होती तिथेच, दोन दगडांच्या बेचक्यात, परत ठेवली.