ठाणे स्टेशनखाली आणखी एक स्टेशन

नमस्कार मंडळी! माझ्या मागे सॅटिसचा, म्हणजे स्टेशनबाहेरची कोंडी कमी करायला बांधलेला पूल दिसतोय. वर टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या बस, खाली रिक्षांची रांग, पलीकडे ठाणे स्टेशन. याच भागात जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन होणार आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. 29 किलोमीटर, 22 स्टेशनं. रायलादेवी, उपवन, घाणेकर नाट्यगृह, वाघबीळ, कोलशेत, राबोडी असा फेरा. त्यातली 20 खांबांवर आणि भुयारी फक्त 2: नवीन ठाणे आणि हे, ठाणे जंक्शन.

इथेच भुयार का? कारण खांब रोवायला जागाच नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटर धावून इथे आली. पुढे शहर चहूबाजूंनी स्टेशनला येऊन भिडलं. 2024 च्या मे अखेरीस पाच नंबरचा फलाट जेमतेम दोन-तीन मीटरनं रुंद करायचा होता, तर 63 तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या! रूळ सरकवले, तयार काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले. इथे वर काहीही बांधायचं म्हणजे हे असं.

आता भुयारी स्टेशन आतून कसं असतं ते बघू. साधारणपणे पायऱ्या उतरलात की आधी कॉनकोर्स: तिकीट, बॅगांची तपासणी, गेट. त्याच्या खाली फलाट. जे आपल्याला दिसत नाही ते दोन्ही टोकांना: विजेची यंत्रणा, पाणी उपसणारे पंप, आणि आग लागली तर धूर बाहेर ओढणारे प्रचंड पंखे. त्या पंख्यांची धुराडी रस्त्यावर निघतात. म्हणजे स्टेशन खाली गेलं तरी वरची थोडी जागा लागतेच.

बांधायचं कसं? रस्ता रुंद असेल तर वरून खणतात. कडेनं काँक्रीटच्या खांबांची भिंत जमिनीत उतरवायची, मधला खडक काढायचा आणि तळापासून स्लॅब टाकत वर यायचं. मुंबईत मेट्रो तीनच्या काळबादेवी, गिरगावला एवढी रुंदी नव्हती. तिथे विहिरीसारखा खड्डा घेऊन, खालून आडवं पोखरत स्टेशन घडवलं. कातळाची भीती आपल्याला नको, ठाण्याजवळच पारसिकच्या 1.3 किलोमीटर बोगद्यातून 1916 पासून गाड्या धावतायत.

मला काळजी आहे ती तोंडांची, म्हणजे स्टेशनमधून बाहेर पडायच्या वाटांची. लोकलमधून उतरलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येऊन, रिक्षांमधून वाट काढत मेट्रोच्या जिन्याशी पोचणार असेल, तर सॅटिसखालची गर्दी वाढेलच. रेल्वेच्या पादचारी पुलावरून थेट कॉनकोर्समध्ये उतरता यायला हवं, लिफ्टसकट. आणि एक तोंड कोपरीत, म्हणजे स्टेशनच्या पूर्वेला हवंच. मेट्रोचा सगळा फेरा पश्चिमेला आहे. पूर्वेच्या लोकांना रूळ ओलांडायला आजही पूलच चढावा लागतो. भुयार खणतोच आहोत, तर ते रुळांखालून पलीकडे न्या. नकाशे पक्के होण्याआधी ही मागणी कोपरीकरांनी आपल्या नगरसेवकाकडे लेखी द्यावी.