जीव वाचवायला लपवलेलं, लाज झाकायला लपवलेलं
(वर्धा जिल्ह्यातल्या तालुका वार्ताहरांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, युद्धवार्ताहर म्हटलं की डोक्याला हेल्मेट, मागे धूर आणि हातात माईक असा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण पुलगावचा दारूगोळा डेपो आपल्या जिल्ह्यात आहे. जवाहरनगर आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. गावोगावची पोरं फौजेत आहेत. त्यामुळे काय छापायचं आणि काय लपवायचं, हा सैन्याशी वार्ताहराचा जो जुना वाद आहे, तो तुमच्याही दारात येतो, फार तर कापूस वेचणीच्या बातमीच्या मध्येच येतो.

हा वाद क्रिमियाच्या युद्धापासूनचा, ब्रिटन रशियाविरुद्ध लढत होता तेव्हाचा. १८५४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल तिथून पत्रं पाठवत होता. थंडीत सैनिकांना कपडे नाहीत, पटकीनं माणसं मरतात, जखमींना औषध नाही, असं त्यानं लिहिलं आणि देश हादरला. त्याच वेळी सेनापती रॅग्लन तक्रार करत होता की तोफा किती आणि कुठे, दारूगोळा कुठे, हेही पेपरात छापून येतं. शत्रूला हेर ठेवायची गरजच नाही. दोघांचंही खरं होतं. कपडे नाहीत हे छापल्यानं सैनिक वाचतात, दारूगोळ्याची जागा छापल्यानं मरतात. पण १८५६ च्या फेब्रुवारीत नवा सेनापती कॉड्रिंग्टननं वार्ताहराला हाकलण्याचा अधिकार हाती घेतला, आणि तेव्हापासून बहुतेक लष्करांनी या दोन गोष्टी एकाच पेटीत कोंबल्या. आपलं काम त्या वेगळ्या करण्याचं आहे.

२००३ च्या इराक युद्धात अमेरिकेनं वार्ताहरांना तुकडीसोबत ठेवलं, त्याला ‘एम्बेड’ म्हणतात. आधी नियमांवर सही घेतली. सैन्याचा अंदाजे आकडा सांगा, पण कोअरच्या, म्हणजे अनेक डिव्हिजनच्या मोठ्या फौजेच्या, खालच्या तुकडीत नेमकी किती माणसं ते नाही. पुढची मोहीम नाही. रात्री परवानगीशिवाय फ्लॅश नाही. वार्ताहराजवळ हत्यार नाही. जखमी किंवा मृत सैनिकाची ओळख घरच्यांना कळेपर्यंत किंवा ७२ तास, यातलं जे आधी होईल तोवर द्यायची नाही. जेराल्डो रिव्हेरा नावाच्या टीव्ही पत्रकारानं कॅमेऱ्यासमोर वाळूत नकाशा काढून तुकडीची जागा दाखवली. त्याला तिथून जावं लागलं. नियम वाईट नव्हते. उणीव दुसरीच होती. ज्याच्या गाडीत बसतो, ज्याचं जेवतो, ज्याच्या बंदुकीच्या आडोशानं जगतो, त्याच्याच खिडकीतून युद्ध दिसतं. बॉम्ब ज्या घरावर पडला, ते घर त्या खिडकीत येत नाही.

आणि गुपित बातमी फुटते कुठून? १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ब्रिटिश फौज गूज ग्रीन या वस्तीवर चालून जाण्याआधीच बीबीसीवर ती बातमी ऐकू आली. फौजेसोबतचे वार्ताहर गप्प होते. त्यांचा मजकूर तर सेन्सॉरमधून, जहाजांवरून कसाबसा पुढे सरकत होता. बातमी फुटली ती लंडनमधून.

आता आपल्याकडचं. वर्ध्याहून लष्कराची खास गाडी जाते आणि कुणीतरी पुलावरून फोटो काढून ग्रुपवर टाकतो, सोबत ‘जय हिंद’. भावना चांगली आहे, पण तो फोटो जरा जवळून बघा. वाहनाच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण असतो, त्यापुढचे दोन आकडे वाहन घेतल्याचं वर्ष सांगतात. बंपरवरची खूण तुकडी सांगते. वॅगन मोजता येतात. मागे स्टेशनची पाटी, फलाटावरचं घड्याळ. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये जागाही लिहिलेली असते. कोण, किती, कुठे, केव्हा, चारही उत्तरं एका फोटोत. गाडी पोचल्यावर महिन्यानं छापा, तेव्हा तो इतिहास असतो.

यापेक्षाही नाजूक गोष्ट म्हणजे वीरमरणाची बातमी. फोनवर नाव कळतं, डेस्क म्हणतो ‘पहिले आपण’, आणि वार्ताहर घरी पोचतो तेव्हा माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असते. तिला काहीच माहीत नसतं. असं कधीही होऊ देऊ नका. आधी पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, घरी निरोप पोचला का. नसेल तर नाव थांबवा. तासाभरानं काही बिघडत नाही.

मे २०२५ मध्ये, ८ तारखेच्या रात्री, काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं दाखवलं. तसं झालंच नव्हतं. दोन अधिकृत ब्रीफिंगमधली रिकामी जागा अशी भरली की खऱ्या ब्रीफिंगवरचाही विश्वास उडतो.

आता दुसरी बाजू, आणि इथे मागे हटायचं नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या डेपोत आग लागली, अधिकारी आणि जवान गेले, आसपासच्या गावातली माणसं रातोरात घराबाहेर पडली. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, त्यात ठेक्यावरचे मजूर होते. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात असा डेपो ‘निषिद्ध जागा’ ठरतो. आतला नकाशा, शेडचा क्रमांक, कोणता गोळा किती, पहाऱ्याची वेळ यांना हात लावू नका. कुंपणावरून ड्रोन नको. पण मजुराला दिवसाला किती मिळत होते, ठेका कुणाचा, प्रशिक्षण किती दिवसांचं, पेट्या उचलताना अंगावर काय होतं, विमा होता का, वारसाला काय मिळालं, गावाला इशारा कोण देणार होतं, यातलं एकही गुपित नाही. ही उत्तरं कुंपणाबाहेरच मिळतात: रुग्णालयाच्या यादीत, ठाण्याच्या नोंदीत, ग्रामपंचायतीत, मजुराच्या घरी.

नागपूरच्या संरक्षण जनसंपर्क अधिकाऱ्याला प्रश्न लेखी पाठवा, क्रमांक घालून, पाचांपेक्षा जास्त नको. तोंडी विचारलं की उत्तरही तोंडी विरतं. ‘ऑफ द रेकॉर्ड’ काय आणि नावानिशी काय, हे बोलण्याआधी ठरवा. बोलून झाल्यावर ठरवायला गेलं की भांडण होतं. उत्तर आलं नाही तर किती वाजता विचारलं ते बातमीत लिहा. आणि दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न पुन्हा पाठवा.