नेब्युलायझरचा कप धुता, पण वाळवता का?

नमस्कार मंडळी! सीओपीडीवरचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणाऱ्या फुफ्फुसांच्या आजारावरचा, व्हिडिओ टाकल्यापासून कॉमेंटमध्ये निम्मे प्रश्न नेब्युलायझरचे, म्हणजे पातळ औषधाचं धुकं करून श्वासातून देणाऱ्या मशीनचे आहेत. "ताई, मशीन चांगलं आहे, पण धुकं कमी येतं." "औषध वेळेवर घेतो, तरी कफ पिवळाच." "मास्क चांगला की माउथपीस?" एकेकाला उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, कॅमेऱ्यासमोर बसूनच बोलू. मी फिजिओथेरपिस्ट आहे, काम रोज फुफ्फुसांच्या रुग्णांबरोबर. औषध कोणतं, किती आणि दिवसातून किती वेळा हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडणार नाही.

आधी नेहमीच्या गोष्टी भराभर उरकू. हात धुवायचे. ताठ बसायचं, आडवं पडून घ्यायचं नाही. औषध ओतायचा कप उभा धरायचा. श्वास नेहमीसारखा, तोंडाने, आणि मधूनमधून एखादा सावकाश खोल श्वास. जोरजोरात ओढत बसलात तर चक्कर येईल, फायदा काही नाही. माउथपीस असेल तर ओठ त्याभोवती घट्ट मिटायचे. मास्क असेल तर तो चेहऱ्याला नीट टेकला पाहिजे, हातभर लांब धरून चालत नाही. बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, मास्क लावला असेल तर चेहराही धुवायचा. इप्राट्रोपियम हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध असेल आणि काचबिंदू असेल तर माउथपीसच बरा, कारण मास्कमधून धुकं डोळ्यांत जातं. साल्ब्युटामॉल, हेही श्वासनलिका मोकळ्या करणारंच औषध, घेतल्यानंतर हात थरथरले, छाती धडधडली, तर घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि एक. "कपात निलगिरीचं तेल दोन थेंब टाकलं तर?" हा प्रश्न दर व्हिडिओखाली येतो. नाही टाकायचं. तेल फुफ्फुसात गेलं की तिथे सूज येते, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. साधं पाणीही नाही, वाफाऱ्याचं औषधही नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि त्यांनी सांगितलं असेल तर निर्जंतुक सलाइन, बस्स.

आता ज्याच्यासाठी आज बसले आहे ते. कप वाळवणं. धुणं नाही म्हणत मी, वाळवणं म्हणते!

एका आजोबांकडे मी व्यायाम शिकवायला जायचे. घर चकचकीत. सूनबाई दरवेळी न चुकता कप साबणाच्या कोमट पाण्याने धुवायच्या आणि लगेच झिपच्या पिशवीत बंद करून कपाटात. मी पिशवी उजेडात धरली, तर आतून घामेजलेली. कपाच्या खाचेत पाण्याचा एक टपोरा थेंब बसलेला, आणि बोट फिरवलं तर आतला भाग बुळबुळीत. त्यांनी मनापासून कष्ट घेतले होते हो, फक्त वाळवण्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानात मशीन देताना दाखवतात काय? बटण कुठे आणि औषध कुठे ओतायचं. संपलं! याचा मला खरंच राग येतो.

ओलसर जागा म्हणजे जंतूंचं माहेर. स्यूडोमोनास नावाचा एक जीवाणू आहे, त्याला पाणी आणि ओल फार मानवते. नेब्युलायझरचं धुकं म्हणजे साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे थेंब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते खोल श्वासनलिकांपर्यंत पोहोचावेत म्हणूनच इतके बारीक केलेले असतात. मग कपात जे वाढलंय तेही त्याच थेंबांत बसून तिथेच जाणार. सीओपीडीच्या माणसाच्या फुफ्फुसांत आधीच कफ साचतो, श्वासनलिकांची स्वतःला साफ करण्याची ताकद कमी झालेली असते. त्याला हे परवडत नाही.

बरं, जंतूंचं राहू द्या, "धुकं कमी येतं" हा प्रश्न घ्या. जेट नेब्युलायझरच्या, म्हणजे हवेच्या जोराने धुकं करणाऱ्या मशीनच्या, कपात मधोमध एक बारीक छिद्र असतं. त्यातून जोरात हवा येते, औषध वर खेचलं जातं आणि फुटून धुकं होतं. कप न धुता ठेवलात तर औषध त्या छिद्राशी सुकून बसतं. धुवून ओला ठेवलात तर जड पाण्याचे क्षार बसतात. दोन्हीकडून छिद्र बुजतं. मग दहा मिनिटांत संपणारं औषध अर्धा तास चालतं आणि माणूस कंटाळून मध्येच सोडतो. म्हणून धुतल्यावर पाणी झटकून टाकायचं. मात्र छिद्रात सुई, टाचणी घालू नका, छिद्र मोठं झालं की थेंबही मोठे होतात. मेश मशीन, म्हणजे बारीक जाळीतून धुकं करणारं, असेल तर जाळीला ब्रश, बोट काहीही लावायचं नाही.

एका काकूंची कॉमेंट आहे, "मी लगेच टॉवेलने पुसून ठेवते." काकू, तो टॉवेल हात पुसायचा असेल तर हातावरचं सगळं कपात गेलं. पुसू नका. भाग सुटे करा, स्वच्छ कोरड्या कागदी नॅपकिनवर पालथे ठेवा आणि हवेवर वाळू द्या. पूर्ण कोरडे झाल्यावरच डब्यात.

"पण दिवसातून चार वेळा घ्यायचंय, वाळणार कधी?" अगदी रास्त प्रश्न. दोन कप ठेवा, आलटून पालटून वापरा. माझ्या रुग्णांमध्ये टिकलेला उपाय हाच. निर्जंतुक करायचं तर मशीनच्या पुस्तिकेत उकळायला परवानगी असलेलेच भाग 5 मिनिटं उकळा. सगळे मास्क उकळत नाहीत, आकार बिघडतो. आणि उकळल्यावर परत नळाखाली धरू नका, केलेलं सगळं वाया जातं.

मशीनपासून कपापर्यंत हवा नेणारी नळी धुवायचीच नाही. आत ओल दिसली तर कप काढून, नुसती नळी लावून मशीन थोडा वेळ चालू ठेवा, हवेने वाळते. फिल्टर राखाडी झाला की बदला, तोही धुवू नका.

"फुरफुर आवाज आला की बंद करू का?" कपाला टिचक्या मारा, कडेचे थेंब खाली येतील, मिनिटभर आणखी चालवा, मग बंद. थोडं औषध तळाशी उरतंच. ते पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही, टाकून द्यायचं.

शेवटची कॉमेंट मात्र मला काळजीची वाटली. एक ताई लिहितात, वडिलांना आधी एका डोसवर बराच वेळ आराम पडायचा, आता तासाभरात पुन्हा मागतात. ताई, हे मशीनचं प्रकरण नाही. मनाने डोस वाढवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. आणि वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर कप धुवायलासुद्धा थांबू नका, थेट हॉस्पिटल गाठा.