दोन बोटं कमी

(दृश्य: पावसाळी सकाळ, साताऱ्यातला एक अरुंद बोळ. ताडपत्रीखाली जिप्सी.)

कॅमेरा जमिनीवर ठेवलाय, कारण उभा करायला जागाच नाही. गाडीच्या एका अंगाला घराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचं कुंपण. मध्ये माणूस आडवा सरकेल एवढीच फट. आज याच फटीतून जिप्सीचा गिअरबॉक्स बाहेर काढायचाय.

गाडी १९९८ सालची, एमजी ४१३ डब्ल्यू. मारुतीने जिप्सी आणली १९८५ च्या अखेरीस, तेव्हा तिला एक लिटरचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाचवा गिअर आला. आमची त्यातली. आठवड्यापूर्वी यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. क्लचप्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, संपली होती. प्लेट बदलायला काही वेळ लागत नाही. पण ती बसलेली असते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध, म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवणं आलं.

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. आल्या आल्या त्यांनी हातोडी घेतली आणि गाडीकडे ढुंकूनही न बघता बोळातली शहाबादी फरशी ठोकत सुटले. टक, टक, टक आणि मग एकदम ढब. "ही पोकळ आहे रे. हिच्यावर स्टँड ठेवलास तर फरशीसकट खाली जाईल." उचललेली गाडी ज्यांवर टेकवायची त्या चारही स्टँडखाली सागवानी फळ्या आल्या. दादाने विटा सुचवल्या होत्या. मामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. वीट वाकत नाही, आधी कुरकुरतही नाही, एकदम फुटते. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणारा माणूस तर मामांच्या हिशेबी माणसातच जमा नाही.

चाकांना दगड लावले, स्टँडवर चढेपर्यंत आणि नंतर उतरताना गाडी सरकू नये म्हणून. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची आपली सवय असते, पण गिअरबॉक्सच निघाल्यावर धरून काय ठेवणार?

(दृश्य: गाडीच्या आत. गिअरच्या दांड्याचं रबर वर ओढलंय.)

सुरुवात आतून. दांड्याच्या बुडाशी गोल टोपी असते. ती दाबून फिरवली की दांडा अलगद हातात येतो. उघड्या भोकात मामांनी लगेच फडकं कोंबलं. तिथून एखादा वॉशर आत पडला तर पुढची कहाणी वेगळीच.

मग बॅटरीची वायर, क्लचची केबल, रिव्हर्स दिव्याच्या स्विचची वायर, स्टार्टर, सायलेन्सरचा पुढचा पाइप. जिप्सीची एक गंमत म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारा तिचा फोर-बाय-फोरचा डबा गिअरबॉक्सला जोडलेला नसतो. तो मागे वेगळा टांगलेला, आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट. त्यामुळे उतरवायचं ओझं बरंच हलकं होतं. शाफ्टचे मागचे चार बोल्ट काढायच्या आधी दादाने ताईची नेलपॉलिश आणली आणि दोन्ही फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, मिळून एक लाल रेघ ओढली. शाफ्ट होता तसाच परत बसवायचा, फिरवून नाही. पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीतून ओढून काढलं, तेव्हा आधीच रिकामा केलेला गिअरबॉक्सही अर्धी वाटी तेल गाळून मोकळा झाला. शेपटीला दुधाची पिशवी, वर रबरबँड.

(दृश्य: गाडीखाली. टॉर्चच्या उजेडात बेल हाऊसिंग.)

बेल हाऊसिंग म्हणजे गिअरबॉक्सचा इंजिनला बोल्टने जोडलेला पुढचा भाग. त्याचे खालचे बोल्ट सरळ निघतात. वरचे दिसतही नाहीत, कारण हात आणि पत्र्याच्या मध्ये दोन इंच जागा. त्यावर तोड अशी: इंजिनच्या सँपखाली, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, लाकडी फळी, फळीखाली एक जॅक. गिअरबॉक्सखाली दुसरा. मग गिअरबॉक्सला मागून पेलणारं आडवं क्रॉस मेंबर सोडायचं आणि दोन्ही जॅक थोडे थोडे उतरवायचे. इंजिन मागे कलतं, शेपूट खाली जाते आणि वर जागा मोकळी होते. मात्र दर खेपेला बॉनेटमध्ये डोकवावं लागतं. पुढे पंखा रेडिएटरला टेकत नाही ना, मागे डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला घासत नाही ना, एखादा पाइप ताणला तर जात नाही ना. मग शेपटीकडून दोन हात लांब एक्स्टेन्शन, टोकाला पान्याची गोटी. दादा वरून भोकातून बघत बोटाने गोटी बोल्टवर बसवणार, मामा खालून फिरवणार.

"बसली का?"

"बसली, मामा. थांबा... निसटली."

हा संवाद पाऊण तास चालला. त्यातला बराच भाग मी कापलाय.

आता जरा थांबू. जागा अडचणीची असली की लोकांना वाटतं, खरा त्रास बोल्टचा. तसं नाही. बोल्ट कधी ना कधी निघतोच. फसतो तो हिशेब. गिअरबॉक्स उतरतो, पण गाडीखालून बाहेर येत नाही. दोन टनी ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसला तरी १३ सेंटिमीटरच्या आसपास उंची खातो. त्यावर बेल हाऊसिंग, म्हणजे अख्ख्या बॉक्समधला सगळ्यात फुगीर भाग. आणि बाहेर यायची वाट चॅसिसच्या खालून.

हे मामांनी सकाळीच ओळखलं होतं. एकही बोल्ट सोडण्याआधी त्यांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा बेल हाऊसिंगच्या मापाने कापला आणि चॅसिसखालून सरकवून पाहिला. अडला. दोन बोटं कमी पडत होती. मग बॉक्स जॅकवरून आडवा कलंडवून, जॅक काढून घेऊन, गोणपाटावर ओढायचं ठरवलं, आणि त्यासाठी चारही स्टँड एकेक खाच वर घेतले. पुठ्ठा सुळकन गेला. हेच गिअरबॉक्स खाली आल्यावर कळलं असतं, तर अर्धवट सुटलेली गाडी पुन्हा उचलावी लागली असती.

(दृश्य: गिअरबॉक्स मागे सरकतो. इनपुट शाफ्ट, म्हणजे बॉक्सचा पुढचा दांडा, फ्लायव्हीलमधून, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकातून, सुटतो.)

बॉक्स सरळ मागे यायला हवा. शाफ्टवर लोंबकळला तर प्लेटची मधली चकती वाकते. जुनी प्लेट होती म्हणून काय झालं, बसवताना हाच नियम नव्या प्लेटला. बॉक्स जॅकला पट्ट्याने बांधलेला. छातीवर घेऊन उतरवायचे पराक्रम इथे कोणी केले नाहीत.

संध्याकाळी चारला तो गोणपाटावरून कुंपणाच्या बाजूने बाहेर आला. रात्री इंजिनखालच्या जॅकशेजारी मामांनी ठोकळा रचला. हायड्रॉलिक जॅक सकाळपर्यंत दम धरेलच असं नाही.

फ्लायव्हीलच्या मध्यातलं छोटं बेअरिंग काढायला त्यांनी ओला पाव मागितला. मला वाटलं, भूक लागली. भोकात पाव ठासायचा, बरोब्बर मापाची सळई घालून हातोडी मारायची. पाव मागून दाबतो आणि बेअरिंग पुढे येतं. ग्रीसनेही होतं, पण पाव पुसायला सोपा.

दुसऱ्या दिवशी नवी प्लेट मधोमध धरून बसवली. गिअरबॉक्स चढला आणि शेवटच्या इंचावर अडला. दादा म्हणाला, बोल्ट आवळून ओढून घेऊ. "कान तुटेल हाऊसिंगचा," मामा म्हणाले. बॉक्स गिअरमध्ये टाकला, शेपटीत शाफ्टचं टोक घालून हाताने जरासं फिरवलं. दाते जुळले. खट्.

दुपारी गाडी सुरू झाली, क्लच लोण्यासारखा. बोळातून मागे घेताना मी ओरडलो, मागचा पांढरा दिवा लागत नाहीये. रिव्हर्स स्विचची वायर जोडायची राहिली होती. मामांनी चाकांना दगड लावले आणि पुन्हा आडवे झाले. या खेपेला जॅक लागला नाही.