फिल्मच्या काठावरची भोकं

मंडळी, सरस्वतीबाई फाळके यांच्याबद्दल कुठेही वाचायला जा, 'पतीला मोलाची साथ दिली' हे वाक्य हमखास भेटतं. साथ म्हणजे नेमकं काय केलं, किती केलं, ते मात्र कुणी सांगत नाही. आज तेवढाच हिशेब मांडू. त्यांच्याबरोबर दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे कॅमेरामन त्र्यंबक तेलंग आणि त्यात राणी तारामती झालेले अण्णा साळुंके यांचाही.

1912 साली दादासाहेब लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. भोकं पाडायचं यंत्र कशाला, असं आज वाटेल. तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकाची, सपाट पट्टी म्हणून मिळायची. भोकं ज्यानं त्यानं पाडून घ्यायची. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाईंकडे होतं, आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेलीच.

35 मिलिमीटरच्या फिल्मचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. एका चौकटीला, म्हणजे एका चित्राला, प्रत्येक काठावर 4 भोकं, एका फुटात 16 चौकटी. म्हणजे फुटाला एका काठावर 64, दोन्ही काठांवर मिळून 128. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3700 फूट. करा गुणाकार: 4 लाख 73 हजार 600. ही एका प्रतीची भोकं झाली. निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी, त्यामुळे दोन्ही धरली तर साडेनऊ लाखांच्या घरात जातो आकडा. वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही.

यंत्र आहे म्हणजे काम सोपं, असं समजू नका. एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर पावणेपाच मिलिमीटर. या भोकांत दाते अडकूनच फिल्म पुढे सरकते, म्हणून भोक चुकलं की चौकटही चुकते. चौकटीची रुंदी साधारण 25 मिलिमीटर, आणि पडदा 15 फुटी धरला तर ती जवळजवळ 180 पट मोठी होऊन दिसते. चित्राची एखादी चौकट एक दशांश मिलिमीटरनं जरी सरकून बसली, तरी पडद्यावर सगळा राजवाडा पावणेदोन सेंटीमीटर हलणार. शिवाय यंत्रातला भोक पाडणारा पंच बोथट झाला की भोकाच्या कडेला कुसळ राहतं. प्रोजेक्टरचे दाते तिथंच अडकतात आणि भोक फाटत जातं. पाडलेल्या भोकांचा चुरा झटकला नाही तर तो कॅमेऱ्याच्या फटीत बसतो आणि फिल्मवर उभा ओरखडा उठवत जातो. ही चूक भोकं पाडताना कळतच नाही, कळते ती फिल्म धुतल्यावर. तोवर शूटिंग होऊन गेलेलं असतं.

आणि धुणं तरी घरच्या घरीच. मुंबईच्या उकाड्यात औषधाचं पाणी कोमट झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि कडेनं सुटायला लागतो. हायपोनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर) पाण्यानं पुरेसं धुतलं नाही तर पुढे डाग पडतात. हे सांभाळायचं, उन्हात उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उभं राहायचं, आणि घरातच मुक्काम ठोकलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा. दागिने गहाण पडले ते वेगळंच.

आता तेलंग. दादासाहेबांचे मित्र. कॅमेरा चालवायला ते दादासाहेबांकडूनच शिकले. मोटर नव्हती, हँडल हातानं फिरवायचं. एका फेऱ्याला 8 चौकटी, सेकंदाला 2 फेरे. म्हणजे सेकंदाला 16 चौकटी, आणि फुटातही 16च. म्हणून एक फूट म्हणजे एक सेकंद, इतका सोपा हिशेब. त्या चालीनं 3700 फूट म्हणजे तासाला दोन मिनिटं जास्त, आणि हँडलचे 7400 फेरे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसं धावत सुटतात. तेवढ्यानं भागत नाही. प्रत्येक चौकटीला उजेडही जास्त मिळतो, त्यामुळे चित्र पांढुरकं पडतं. हात घाईला आला की उलटं, माणसं संथ आणि चित्र काळपट. समोर काहीही चाललेलं असो, मनातली एक-दोन मोडता कामा नये. तबलजीला विचारा, तो सांगेल हे किती अवघड असतं.

त्या फिल्मची आणखी एक खोड होती: लाल रंग तिला दिसायचा नाही. डार्करूममध्ये ही सोयच, कारण लाल दिवा लावून काम करता येतं. पण कॅमेऱ्यासमोर हाच आंधळेपणा नडायचा. कुंकू काळं यायचं, कातडी सावळी पडायची, आणि गुळगुळीत दाढी केलेल्या पुरुषाच्या हनुवटीवरही सावली उमटायची.

हे कुणाला भोवणार? अर्थातच अण्णा साळुंक्यांना. ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत ते स्वयंपाकी होते, पगार महिना 10 रुपये. तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा दादासाहेबांनी त्यांना 15 रुपयांवर आणलं. 1913 सालीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई (पुढच्या गोखले) या मायलेकी पडद्यावर आल्या. तरीही 1917 च्या 'लंकादहन'मध्ये सीता साळुंकेच, आणि रामही साळुंकेच! कथेची सोय अशी की हरणानंतर राम एकीकडे, सीता अशोकवनात. मध्ये निरोप नेणारा हनुमान. दोघांना एका चौकटीत आणायची गरजच फारशी पडत नाही. चेहरा रंगानं झाकता येतो, पदरानंही झाकता येतो. दंड नाही झाकता येत. सीतेच्या दंडातला पीळ लपत नव्हता, आणि प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. नाटकातल्या स्त्रीपार्टी नटांची त्यांच्या डोळ्यांना सवय होतीच.

माझ्या मते साळुंक्यांचं मोठेपण त्यापुढचं आहे. अभिनय मागे टाकून ते कॅमेऱ्यामागे गेले आणि विसाच्या दशकात कॅमेरामन म्हणून काम करत राहिले. त्यांनी काढलेल्या चित्रांबद्दल आपण बोलत नाही, कारण साडीतला फोटो छापायला सोपा.

या सगळ्यांच्या कामातलं बरंचसं आता नष्टही झालंय. तेव्हाची नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते, आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते, आणि पेटली तर पाण्यानंही विझत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं आहेत, ती 1917 च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. 'लंकादहन'चे उरलेत पाचशेच्या आसपास फूट. मघाच्या हिशेबानं सव्वाआठ मिनिटं, हँडलचे हजार फेरे आणि चौसष्ट हजार भोकं.