डॅफ्निया का थांबली?

हा बीकर उजेडासमोर धरला की ती दिसतात. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, जवळपास पारदर्शक, झटका देत वर जाणारी आणि हळूहळू खाली उतरणारी. डॅफ्निया मॅग्ना या गोड्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी प्राण्याची ही पिल्लं २४ तासांच्या आतली आहेत. मोठी डॅफ्निया पाण्यातलं शेवाळ गाळून खाते आणि लहान मासे डॅफ्नियावर जगतात. म्हणूनच एखादं औद्योगिक रसायन पाण्यात किती घातक ठरेल, हे आधी तिच्यावर तपासतात. युरोपात वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त बनणाऱ्या वा आयात होणाऱ्या रसायनाची ही माहिती द्यावीच लागते.

पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची, क्रमांक २०२. किती प्रमाणात रसायन असलं की ४८ तासांत निम्म्या डॅफ्निया पोहणं थांबवतात, हे शोधायचं. तो आकडा म्हणजे ईसी ५०.

डॅफ्निया मात्र बऱ्याच कारणांनी थांबते. खरी मेहनत रसायनाखेरीज बाकीची कारणं दूर ठेवण्याची आहे.

सुरुवात पाण्यापासून. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि पाइपातलं तांबं डॅफ्नियाला मारतं, म्हणून शुद्ध पाण्यात क्षार मिसळून पाणी तयार करायचं. चार द्रावणं वेगवेगळी करून ठेवायची. दर लिटरला कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) ११.७६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (हेप्टाहायड्रेट) ४.९३, सोडियम बायकार्बोनेट २.५९, पोटॅशियम क्लोराइड ०.२३. प्रत्येकातलं २५ मिलिलिटर घेऊन एकूण एक लिटर करायचं आणि त्यात भरपूर हवा सोडायची. डॅफ्निया वाढवायला वापरतात ते एलेंड्ट एम ४ किंवा एम ७ माध्यम धातूंच्या चाचणीला चालत नाही. त्यातलं ईडीटीए धातूला बांधून ठेवतं आणि विषारी धातू सौम्य भासतो.

पिल्लं पहिल्या वेताची घ्यायची नाहीत. टाकीत नर किंवा एफिपिया, म्हणजे टणक आवरणातली अंडी दिसू लागली, तर आयांवर ताण आहे असं समजायचं. ती टाकी वगळायची.

आता मांडणी. पोटॅशियम डायक्रोमेट या, परिणाम आधीच माहीत असलेल्या रसायनाचं उदाहरण घेऊ. लिटरमागे ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मिलिग्रॅम, आणि सोबत रसायन नसलेलं नियंत्रण. प्रत्येक पायरीला चार बीकर, प्रत्येकात पाच पिल्लं, दर पिल्लामागे किमान २ मिलिलिटर द्रावण. एकूण १२० पिल्लं. रुंद तोंडाच्या पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊनच पिल्लू सोडायचं. वरून टाकलं तर कवचाखाली हवा अडकते आणि ते पृष्ठभागावर तरंगत राहतं.

तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, पण एका चाचणीत एका अंशापेक्षा जास्त वरखाली नको. चाचणी चालू असताना खाणं नाही, हवा सोडणं नाही.

२४ आणि ४८ तासांनी बीकर हलकेच हलवायचा आणि १५ सेकंद बघायचं. तेवढ्यात पोहली नाही, तर ती थांबली. नुसत्या स्पर्शिका हलत असल्या, तरी थांबलीच. हे १५ सेकंद घड्याळ लावूनच मोजावेत, कारण घाईत उरकलेल्या नोंदी दोन माणसांच्या कधीच जुळत नाहीत.

शेवटी प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी झालेला असेल, किंवा नियंत्रणातल्या २० पैकी दोनपेक्षा जास्त थांबल्या असतील, तर चाचणी बाद. रसायनाने सामू खूप बदलला असेल, तर द्रावणाचा सामू नियंत्रणाइतका करून चाचणी पुन्हा घ्यायची. त्याशिवाय मारलं आम्लाने की रसायनाने, हे कळत नाही.

सगळ्यात फसवं म्हणजे उडून जाणारं किंवा भांड्याला चिकटणारं रसायन. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाण्यात उरलेलंच नसतं. म्हणून निदान सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पायरीचं प्रमाण सुरुवातीला व शेवटी मोजायचं. फरक २० टक्क्यांहून जास्त निघाला, तर हिशेब मोजलेल्या आकड्यांवर करायचा.

डायक्रोमेटचा २४ तासांचा ईसी ५० लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅममध्ये यायला हवा. तो बाहेर गेला, तर नव्या रसायनाची चाचणी थांबवून आधी पाणी आणि टाक्या तपासायच्या.